इथला इतिहास कुणाचा?

“अमेरिकेला इतिहासच कुठे आहे? दोन-अडीचशे वर्षं, बस्स!” बे एरियातल्या मराठी मैफिलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याला पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं केवढं कौतुक! पण वीस वर्षं ज्या गावात राहिला, तिथल्या संग्रहालयाची पायरी काही तो चढलेला नसतो. मंडळी, हे अज्ञान मिरवण्यासारखं नाही.

ओलोनी लोक या भूमीवर हजारो वर्षांपासून राहत आहेत. ते सोडा, पेशवाईचंच माप लावू. सवाई माधवराव तीन वर्षांचे होते आणि पुण्यात बारभाई कारभार पाहत होते, तेव्हा, १७७७ साली, सॅन होजे वसलं. आपलं फ्रीमाँट तर १९५६ साली पाच छोटी गावं एकत्र येऊन झालं. त्यातलंच एक नाइल्स. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, चार्ली चॅप्लिन नाइल्समध्ये चित्रपट करत होता! तिथे मूकपटांचं संग्रहालय आहे. फाळक्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी कितीजण तिथे गेलेत?

कुणी म्हणेल, मुलांना आधी शिवराय शिकवू द्या, हे जर्दाळू आणि आलुबुखारे नंतर. शिवराय शिकवाच. पण पायाखालच्या जमिनीची चौकशी न करणाऱ्या मुलाला रायगड तरी कसा कळणार? १९५० साली सॅन होजेची वस्ती लाखाच्या आत होती, २०२० च्या जनगणनेत दहा लाखांवर गेली. या खोऱ्यातल्या फळबागा गेल्या, तिथे घरं उठली, आणि त्याच घरांत आपण राहतो. म्हणजे या इतिहासात आपण पाहुणे नाही, पात्रं आहोत.

दुसरा मुद्दा आपल्या स्वतःच्या कागदपत्रांचा. सनीवेलमधलं मर्फी कुटुंबाचं ऐतिहासिक घर १९६१ साली पाडलं. मग २००८ मध्ये त्याची प्रतिकृती उभारून तिथे संग्रहालय उघडावं लागलं. घराची प्रतिकृती निदान बांधता तरी येते. गराजमधल्या खोक्यांत पडलेल्या जुन्या स्मरणिका, नाटकांची पत्रकं, पहिल्या गणेशोत्सवांचे फोटो एकदा रद्दीत गेले की त्यांची प्रतिकृती कोण करणार? घर बदललं की पहिली गदा या खोक्यांवरच येते. आणि उद्या या खोऱ्याच्या इतिहासात आपलं नाव नसलं, की आपणच तक्रार करायला मोकळे!

छोटी संग्रहालयं बहुधा स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात; त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणून काम आपल्यालाच करायला हवं. स्मरणिकांचा पूर्ण संच जमवा, प्रत्येक फोटोमागे नावं आणि साल लिहा, सोबत इंग्रजीत चार ओळींची माहिती जोडा आणि स्थानिक इतिहास मंडळाला विचारून तो सोपवा. ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, त्या बोलू शकतात तोवरच.

ढोल-ताशांना, नाटकांना, जेवणावळींना आपण वेळ आणि पैसा काढतो, तो काढायलाच हवा. त्यातलाच एक रविवार आणि थोडा निधी या कामासाठी राखून ठेवावा. येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडावा, ही कार्यकारिणीकडे जाहीर मागणी आहे.