रस्त्यासाठी रडार, गटारासाठी माणूस?

२० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात सिटी पोस्टच्या आवारात जमीन खचली आणि महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक उभाच्या उभा खड्ड्यात गेला. चालक वाचला. २८ जानेवारी २०२५ रोजी जपानमधील याशिओ शहरात मात्र असाच ट्रक गडप झाला. चालकाचा मृतदेह मे महिन्यात हाती लागला.

याशिओत मूळ होते सुमारे दहा मीटर खोलीवरच्या सांडपाणी वाहिनीत. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, त्याचे वाहिनीत आम्ल बनते आणि ते काँक्रीट खाते. वाहिनी फुटली की माती आत वाहून जाते, डांबराखाली पोकळी तयार होते.

ही पोकळी आधी शोधता येते. रडार जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि परतणाऱ्या लहरींवरून चित्र काढते. जमिनीचा विद्युतरोध मोजूनही पोकळी कळते. ओल्या चिकणमातीत रडारची नजर खोल जात नाही, म्हणून वाहिनीच्या आत कॅमेराही सोडावा लागतो.

आता आमचा प्रश्न. काँक्रीट खाणारा हाच वायू गटारात उतरलेल्या माणसाला काही क्षणांत मारतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना ३० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत आणि मरणारे बहुसंख्य आपलेच आहेत. रस्ता खचला की यंत्र आठवते, चोकअप झाले की जात आठवते.

‘यंत्रे महाग आहेत’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. माणूस स्वस्त वाटतो, कारण त्याची किंमत जातीने ठरवलेली आहे. ‘यंत्र आले तर तुमच्याच लोकांचा रोजगार जाईल’ असेही सांगितले जाते. हा रोजगार नव्हे, मरणाचा ठेका आहे. हेच कामगार कॅमेरा आणि रडार चालवायला शिकतील. त्यांना प्रशिक्षण आणि कायम नोकरी द्या. पुनर्वसन त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

मित्रांनो, आपल्या महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. किती किलोमीटर वाहिन्या कॅमेऱ्याने तपासल्या? पोकळी शोधण्यावर किती खर्च झाला? वर्षभरात किती वेळा माणूस उतरवला? आणि या तपासणीत आपल्या वस्तीचा नंबर कितवा आहे? उत्तरे लेखी मिळवा, मग मोर्चा काढू.

जय भीम!