खुर्चीवरून खाली उतरण्याचा जाहीरनामा

आम्ही मीरा-भाईंदरचे ख्रिस्ती. आमच्यातले काही उत्तन, पाली, चौक, डोंगरीचे पिढीजात कोळी आणि ईस्ट इंडियन. काही केरळ, मंगलोर, गोवा, तमिळनाडूहून पोटासाठी येऊन मीरा रोडच्या इमारतींत स्थिरावलेले. आज एकत्र येऊन आम्ही जाहीर करतो, की आपल्या समाजात पुढारपणाची जी रीत पडली आहे ती आम्हाला मान्य नाही. तिच्या जागी दुसरी रीत आणण्याची सुरुवात आम्ही स्वतःपासून करत आहोत.

पडलेली रीत कोणती, हे स्पष्ट सांगायला हवं. सण आला की फलकावर हात जोडलेले फोटो. पहिल्या रांगेत नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुर्च्या. वर्षानुवर्षं त्याच चार माणसांच्या हातात कमिटी. हिशेब विचारला की 'विश्वास नाही का?' असा उलटा प्रश्न. फुलं, स्वयंपाक आणि झाडलोट बायकांकडे, ठरावावर सह्या पुरुषांच्या. निवडणूक जवळ आली की 'आमच्या समाजाची एवढी मतं' असा सौदा. ज्याच्या नावाने हे सगळं चालतं, त्याने अशी एकही गोष्ट केली नव्हती.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने अंगरखा काढून ठेवला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. दिवसभर धुळीतून चाललेले पाय होते ते. घरातल्या सर्वांत खालच्या गुलामाचं ते काम. पेत्राने आधी नकार दिला. गुरू खाली बसला तर उद्या आपल्याला वर बसता येणार नाही, हे त्याला कळलं असावं. याकोब आणि योहान तर त्याआधीच उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागून मोकळे झाले होते. त्यांना मिळालेलं उत्तर मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. राजेलोक गाजवतात तसली हुकमत तुमच्यात चालायची नाही, मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं, हा त्याचा आशय.

पवित्र गुरुवारी आपल्या चर्चमध्येही हा विधी होतो. पण ज्यांचे पाय धुवायचे असतात ते घरूनच पाय धुऊन आलेले असतात. तांब्यातून सोडलेलं पाणी खालच्या भांड्यात पडतं ते जसंच्या तसं, निवळशंख. या शहरातले मळलेले पाय त्या वेळी दुसरीकडे असतात. उत्तनच्या बंदरावर बर्फाच्या पाण्यात उभं राहून मासळी निवडणाऱ्या कोळिणीचे, मिठागरात काम करून भेगाळलेले, घंटागाडीमागे धावणाऱ्या सफाई कामगाराचे, रात्रपाळी संपवून पहाटेच्या लोकलने मीरा रोडला उतरणाऱ्या नर्सचे सुजलेले. २०१३ मध्ये पोप झाल्यावर काही दिवसांतच फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले; त्यांत मुसलमानही होते. विधी चर्चच्या भिंतीबाहेर नेला की त्याचा अर्थ कसा उजळतो, हे तेव्हा जगाने पाहिलं.

आम्हाला यासाठी रोमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. खाडीपलीकडच्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात चांगला पैसा मिळवणारा व्यापारी होता. तो व्यापार सोडून मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात शिरला, आणि अखेरपर्यंत साधा बंधूच राहिला. धर्मगुरूची दीक्षा त्याला कधीच मिळाली नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. या मातीत जन्मलेला पहिला संत बिनपदाचा होता, ही गोष्ट आपल्या कमिट्यांनी रोज आठवावी.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या कामाचा नमुना तिथे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुसऱ्या कोणी तेवढ्यावर देणगीदारांना बोलावून सत्कार घेतला असता. रमाबाईंनी त्या मुलींना कामं शिकवली. पुढे साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, भाषांतराला बसल्या, आणि त्याच्या छपाईचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच बायकांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही. ते बायबल त्यांच्या पश्चात छापून पुरं झालं. पुढारी कसा होता, हे तो गेल्यावर मागच्यांच्या हातात काय उरतं यावरून ठरावं.

आता आपल्या शहराकडे या. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत एक अख्खं शहर वर चढलं. गावठाणातली ओटी गेली, तिथे टॉवर आला. शेजारी कोण राहतो हे लिफ्टमध्येही कळेनासं झालं. मुलं आखातात, कॅनडात, जहाजांवर. म्हातारी माणसं वन-बीएचकेत एकटी. ज्या कॉल सेंटरांच्या पगारावर इथल्या कितीतरी घरांचे हप्ते फिटले, ती कामं आता यंत्रं करू लागली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडच्या नया नगर वस्तीत धर्मावरून तणाव झाला, जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला भाषेवरून मोर्चे निघाले. ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ शहर प्रशासकाकडे होतं. तेव्हा नळाला पाणी नाही हे सांगायला जायचं कोणाकडे, असा प्रश्न प्रत्येक गल्लीत होता. अशा वेळी फलकावरचा माणूस उपयोगी पडत नाही. दार ठोठावल्यावर उघडणारा माणूस लागतो.

'सेवक नेतृत्व' हा विषय कंपन्यांच्या शिबिरांतही शिकवतात. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी १९७० मध्ये त्यावर निबंध लिहिला, तेव्हापासून तो व्यवस्थापनाच्या पुस्तकांत गेला. त्यांचा विचार चांगलाच आहे. पण माणसांकडून जास्त काम काढून घेण्याची युक्ती म्हणून कोणी तो आमच्यापुढे ठेवला, तर आम्ही तो घेणार नाही.

म्हणून आम्ही स्वतःला बांधून घेतो. आमच्यात कोणतंही पद तीन वर्षांपलीकडे राहणार नाही, आणि पद सोडण्याआधी दोन माणसं तयार केलेली असतील. जमाखर्च दर महिन्याला चर्चच्या दारावर लागेल, मराठीत आणि इंग्रजीत, चहाच्या बिलासकट. निम्म्या जागा बायकांच्या, आणि त्यांत मासळी विकणाऱ्या व घरकाम करणाऱ्या बायका असतील. आमच्या कोणाचाही फोटो फलकावर येणार नाही. समाजाची मतं आम्ही कोणालाही विकणार नाही, कारण ती आमच्या खिशात नाहीत. लहान मुलाशी किंवा बाईशी गैरवर्तन झाल्याची तक्रार आली, तर ती दाबणारा माणूस कितीही मोठा असला तरी त्याच दिवशी बाहेर. आणि प्रत्येक कार्यकर्त्याने आठवड्यातला एक वेळ अंगमेहनतीच्या कामाला द्यायचा: पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत एखाद्या आजीबरोबर उभं राहायचं, अंथरुणाला खिळलेल्याची चादर बदलायची, कोणाचा अर्ज भरून द्यायचा. ज्याला यासाठी वेळ नाही, त्याने सभेत बोलू नये.

ही सेवा नया नगरातल्या घरासाठीही आहे आणि भाईंदर पूर्वेच्या चाळीसाठीही. तिच्या बदल्यात कोणाकडून काही मागायचं नाही. धर्म तर नाहीच नाही. तसं मागणारा आमच्यात राहू शकत नाही.

सेवक म्हणजे मान खाली घालून गप्प बसणारा, असं ज्यांना वाटतं त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण करून द्यावी लागेल. वसईच्या विहिरी उपसून टँकरवाले पाणी विकत होते, हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जात होता, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीबरोबर हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला. त्याच माणसाने 'सुवार्ता' मासिक चालवलं, 'सुबोध बायबल' लिहिलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. ते लोकांशी नम्र होते, पण दांडग्यांपुढे वाकले नाहीत. जुलै २०२४ मध्ये ते गेले. धावगी-डोंगरीच्या कचराभूमीचा धूर उत्तनच्या घरांत शिरतो तेव्हा, डोंगरीच्या झाडांवर कुऱ्हाड येते तेव्हा, आम्हीही गावकऱ्यांच्या बरोबर असू. पुढे त्यांनी चालायचं. निवेदनं टाइप करणं, माहितीच्या अधिकारात कागद काढणं, सुनावणीला हजर राहणं हे आमच्याकडे.

पहिलं काम ठरलं आहे. १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि दोन महिने होड्या शाकारलेल्या असतात. मालकाला निदान जाळी विणायचं काम असतं. होडीवरच्या बाहेरगावच्या खलाशाला काहीच नसतं, आणि कित्येकांकडे इथली शिधापत्रिकाही नसते. मे महिन्यात उत्तन, पाली, चौकात घरोघर जाऊन या खलाशांची यादी करायची, कोणाकडे कोणते कागद नाहीत ते लिहून घ्यायचं, आणि बंदीच्या दोन महिन्यांत ते कागद मिळेपर्यंत कचेरीच्या खेपा घालायच्या. लिहिता-वाचता येणारी मुलं-मुली, निवृत्त कारकून, मराठी बोलता न येणारे पण रांगेत उभे राहू शकणारे, सगळे चालतील. ८ सप्टेंबरच्या वेलांकणी माउलीच्या सणाला उत्तनमध्ये गर्दी होते. त्याच्या आधीच्या रविवारी किती कागद मिळाले, किती राहिले आणि खर्च किती झाला, हे खलाशांसमोरच वाचून दाखवू. काम नीट झालं नाही असं ते म्हणाले, तर पुढच्या वर्षी यादी त्यांनीच करावी, आम्ही कचेरीत त्यांच्याबरोबर येऊ.