‘पाहा’ म्हणजे बेडूक

2025च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्रात लहान मुलांच्या भाषेविषयी इतकं बोललं गेलं की कान किटले. 16 एप्रिलचा शासन निर्णय, 17 जूनची दुरुस्ती, 29 जूनची माघार. पहिलीपासून तिसरी भाषा नको, हे तेव्हाही माझं मत होतं आणि आजही आहे. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट सतत खटकत होती. दोन्ही बाजूंचे लोक भाषा मोजत होते. दोन की तीन, पहिलीपासून की पाचवीपासून, ओझं किती, अस्मिता किती. ज्यांच्यासाठी मराठी हीच नवी भाषा आहे अशी मुलं आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत बसली आहेत, त्यांच्याबद्दल दोन्हीकडून चकार शब्द निघाला नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. इथल्या हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात, हे आता कोकणात कुणाला सांगायला नको. बागेतल्या मांगरात बिऱ्हाड, आणि मुलं गावातल्या शाळेत. पटसंख्येअभावी शाळा बंद पडायची वेळ येते तेव्हा याच मुलांची डोकी मोजली जातात. एकदा मोजून झाली की पुढे त्यांचं काय होतं, ते सांगतो.

शेजारच्या बागेत असंच एक कुटुंब आलं. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. नेपाळात ती तिसरी शिकून आलेली. इथल्या शाळेने तिला दुसरीत बसवलं. मी चौकशी केली तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, बोलतच नाही ती. अक्षरओळखही नाही. चौथीत कुठे बसवू?”

अक्षरओळख नाही! नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. ही मुलगी माझ्याकडचं पंचांग घडाघडा वाचत होती, अर्थ कळत नसतानाही. अडायची ती फक्त ‘ळ’पाशी, कारण तो त्यांच्याकडे नाही. ‘बेडकुळी’चं ती ‘बेडकुली’ करी. उलट ‘चमचा’ मात्र असा स्वच्छ म्हणायची की पुण्यात वाढलेल्या माझ्या भाच्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. पाणी, भात, हात, कान, नाक, वाट यांतलं बरंचसं तिच्या घरात थोड्याफार फरकाने होतंच. ‘काका’ तर जसाच्या तसा, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून काका. हे शोधायला भाषाशास्त्र लागत नाही. पाच मिनिटं तिच्याशेजारी बसावं लागतं.

आता बेडकाकडे येतो.

आमच्या मागच्या परड्यात एक जुनी दगडी दोण आहे. पावसाळ्यात तिच्या वर, भिंतीच्या कडेला, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. हे झाडावरच्या बेडकाचं काम. तोच तो, रात्री न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसतो आणि पाहुण्यांना किंचाळायला लावतो. अंडी फेसात, आणि पिल्लं बाहेर पडली की टपाटप खाली दोणीत. ही दोन्ही भावंडं रोज शाळा सुटल्यावर तो गोळा बघायला येत. शाळेत तोंड न उघडणारी ही मुलगी माझ्या परड्यात मला प्रश्न विचारून हैराण करायची. हे कुणी केलं? रात्री बाहेर का? फेस तोंडातून? अर्धी मराठी, अर्धी नेपाळी, मधूनच बापाकडून उचललेली हिंदी. धाकटा तर पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात पिवळेधमक बेडूक बघून धावत आला आणि श्वास न घेता जे बोलला ते एक लांबलचक मराठी वाक्य होतं. क्रियापदं सगळी चुकलेली, पण सांगायचं ते सगळं सांगून झालेलं. नर बेडूक विणीच्या काळात पिवळे होतात, गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे येतात. असं काही डोळ्यांपुढे असलं की कोणतंही मूल गप्प बसत नाही.

आणि मग तो पाठ्यपुस्तकाचा किस्सा. सूचना होती, ‘चित्र पाहा’. मुलगी बराच वेळ चित्रात काहीतरी शोधत होती. शेवटी म्हणाली, “काका, पाहा छैन.” चित्रात पाहा नाही. नेपाळच्या डोंगरात ओढ्यातल्या दगडांखाली जो बेडूक सापडतो त्याला ‘पाहा’ म्हणतात. लोक पकडून खातात, औषधी मानतात. साधा बेडूक भ्यागुतो, आणि हा पाहा. ती सांगितल्याप्रमाणे चित्रात बेडूक शोधत होती. वर्गात तिने अशीच शोधाशोध केली असेल, आणि बाईंनी वहीत काय शेरा मारला असेल तो मारला असेल.

माझं भांडण त्या बाईंशी नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात त्या कुणाजवळ बसणार? भांडण आहे ते वस्तू काढून घ्यायची आणि शब्द तेवढा हातात ठेवायचा या आपल्या लाडक्या पद्धतीशी. गरीब शाळेत ती आहे तशीच श्रीमंत शाळेतही आहे. शहरातल्या इंग्रजी बालवाडीत मुलं ‘रिबिट रिबिट’ म्हणतात. तो आवाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेडकाचा. हॉलिवूड तिथेच असल्यामुळे सिनेमांतून तो जगभर गेला. कोकणातला एकही बेडूक असं बोलत नाही. बाहेर पाऊस, बाहेर डरावडराव, आणि आत पोरं कॅलिफोर्नियाच्या बेडकाची नक्कल पाठ करताहेत. तक्त्यावरचं जीवनचक्रही तसंच: अंडी, शेपटीवालं पिल्लू, बेडूक. आंबोलीच्या झुडपांत असे चिमुकले बेडूक आहेत ज्यांच्या अंड्यांतून थेट बेडूकच बाहेर येतो, पाण्यातलं शेपटीचं पिल्लू नाहीच. एखाद्या मुलाने ते बघून वर्गात सांगितलं तर त्याचं उत्तर चूक ठरेल.

मराठीच्या अभिमानवाल्यांनाही विचारायचं आहे. तुम्हाला मराठी बोलणारे नवे लोक हवेत ना? ते तुमच्या दारात उभे आहेत, शिवाय लिपीसकट. त्यांना ‘गुरख्याची पोरं’ म्हणून मागच्या बाकावर बसवायचं आणि मग बाहेरून आलेले मराठी शिकत नाहीत म्हणून गळा काढायचा, हे कसं चालतं?

2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करा आणि मागे असेल ते विशेष प्रशिक्षणाने भरून काढा. जमेल तिथे मातृभाषेतून शिकवा, असंही तोच म्हणतो. मी कलम 4 चा उतारा जोडून शाळेला अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळालं: मराठी पक्कं झालं की बघू.

दरम्यान शाळेचं सुशोभीकरण झालं. जिथे पावसात डबकं साचायचं त्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. ‘बोलक्या भिंती’ रंगवल्या. एका भिंतीवर कमळाच्या पानावर बसलेला हिरवागार बेडूक आहे, खाली चार भाषांत नाव: मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी.

या जूनमध्ये मुलगी तिसरीत जाईल. वयाने ती पाचवीत असायला हवी. बाप म्हणतो, आंबे उतरले की दुसऱ्या तालुक्यात बाग बघणार आहे. तिथली शाळा तिला पुन्हा दुसरीत बसवणार नाही कशावरून?