कोर्दोबाचे यात्रेकरू आणि पवनारचे पांढरीचे टेकाड

पाऊस सरून आश्विनाचे आकाश निवळले की आमच्या सुशिक्षित कुटुंबांस प्रवासाचे वेध लागतात, आणि हल्ली या वेधांत दक्षिण स्पेनमधील कोर्दोबा नगराचीही भर पडली आहे. त्यात वावगे काहीच नाही. इ. स. 785 च्या सुमारास जिचे बांधकाम सुरू झाले आणि सोळाव्या शतकात जिच्या पोटात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले, ती मशीद पाहून ज्याचे मन हलत नाही त्याने घरीच बसावे, असे आम्हीही म्हणू. आमचा तंटा जाण्याशी नाही. परत आल्यावर उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याशी आहे. "ते लोक इतिहास जपतात, आपल्याकडे पाहण्यासारखे आहेच काय?" हे वाक्य वर्ध्यातील दिवाणखान्यात ऐकू यावे, याला आम्ही निव्वळ अज्ञान म्हणत नाही, ती कृतघ्नता होय.

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने आठ-दहा किलोमीटर गेले की धाम नदीच्या काठी पवनार लागते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. मनसरच्या उत्खननानंतर काही विद्वान तो मान मनसरला देतात. तो वाद पंडितांनी खुशाल चालवावा. पवनारच्या भूमीतून शिल्पे निघाली, हे मात्र वादातीत आहे. विनोबा 1938 साली येथे राहावयास आले आणि आश्रमाची जमीन खणताना भरत-रामभेटीचे शिल्प त्यांच्या हाती लागले. 1967 साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खननही केले.

आता प्रवरपूर ज्याच्या नावाने ओळखले जाई तो राजा पाहा. दुसरा प्रवरसेन हा प्रभावतीगुप्तेचा पुत्र आणि गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा दौहित्र. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य त्याच्याच नावावर आहे. महाराष्ट्रातील भाषा ही उत्कृष्ट प्राकृत होय असे सांगताना दंडीने उदाहरण दिले ते याच काव्याचे. त्याच्या आरंभीच वर्षाकाळ संपून शरद ऋतू अवतरतो; म्हणजे ज्या दिवसांत आमचे प्रवासी विमानात बसतात, तेच दिवस!

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्री प्राकृताचा वारसा आम्ही छाती पुढे काढून सांगितला. आमचा सरळ प्रश्न असा की, त्या दिवशी अभिनंदन करणाऱ्यांपैकी किती घरांत 'सेतुबंध' आहे? वारशाचा दाखला सरकारदरबारी दाखवावयाचा आणि वारसा मात्र उघडून पाहावयाचा नाही, हा कोणता अभिमान?

यावर उत्तर येईल की, पवनारला आश्रम आहे, नदी आहे, बाकी टेकाड आणि वस्ती, पाहावे काय? या उत्तराला कोर्दोबानेच प्रत्युत्तर देऊन ठेवले आहे. त्या नगराबाहेर खलिफांनी दहाव्या शतकात मदीना अझ-झहरा ही राजनगरी वसविली आणि शतक पालटताच ती उद्ध्वस्त झाली. पुढे कित्येक शतके लोक तिला रोमन अवशेष समजत आणि तिचे दगड उचलून नेत. 1911 साली तेथे उत्खनन सुरू झाले; जागतिक वारसायादीत ती आली 2018 साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांची चिकाटी ही त्या भूमीची देणगी नव्हे. ती माणसांची करणी आहे. बहुतांश नगरी अद्यापि मातीखालीच असूनही आमचे प्रवासी तेथे तिकीट काढून जातात.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. वर्धा-नागपूरच्या शाळांनी दरवर्षी शरदात मुलांस पवनारला न्यावे. आणि तेथे भरत-रामाचे शिल्प दाखवून 'सेतुबंधा'तील शरद्वर्णन मराठीत समजावून द्यावे. विद्यापीठाने 1967 चे काम पुढे न्यावे. आणि कुटुंबांनी कोर्दोबाला अवश्य जावे. पण निघण्यापूर्वीचा एक रविवार धाम नदीच्या काठी घालवावा. इतकेही ज्यास जड वाटते त्याने, आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही, ही तक्रार तरी करू नये.