‘तो काही करत नाही हो!’

मराठीत काही वाक्ये अशी आहेत की ती कानांवर पडताच शहाण्या माणसाने सावध व्हावे. ‘आपलेच घर समजा’, ‘पैशाचे काय एवढे’, ‘हा पाहा, पाच मिनिटांत आलो’ ही त्यांतली जुनी मंडळी. अलीकडे त्यांत एका नव्या वाक्याची भर पडली आहे, आणि माझ्या मते ते या सर्वांहून घातकी आहे. ते वाक्य म्हणजे, ‘घाबरू नका, तो काही करत नाही हो!’

हे वाक्य बोलणारा गृहस्थ आपल्यापासून पन्नास-साठ पावले दूर असतो. त्याच्या एका हातात मोबाइल असतो आणि दुसऱ्या हातात चांगली जाडजूड साखळी असते. फक्त त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा नसतो. कुत्रा आपल्या अंगावर धावून येत असतो.

वाचकांनी आधीच सांगून ठेवतो, कुत्र्यांचा द्वेष करणाऱ्याचा हा लेख नव्हे. मी कोलाडचा राहणारा. शाळेत मुलांना मराठी शिकवतो, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या मोत्याला फिरवतो. मोत्या गावठी आहे, नऊ वर्षांचा आहे आणि एका डोळ्याने अधू आहे. त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीचे टोक माझ्या मनगटाला, अशी आमची जोडी कालव्याच्या बांधावरून रोज जाते. तेव्हा माझी तक्रार कुत्र्याविरुद्ध नाही, मालकाविरुद्ध आहे. आणि तीही एका कुत्र्याच्या मालकाने दुसऱ्या मालकाविरुद्ध केलेली आहे.

मास्तराला खोड असते ती वाक्य सोडवून पाहण्याची. हे वाक्य सोडवू या. ‘तो काही करत नाही.’ क्रियापद वर्तमानकाळी, रीत सांगणारे. म्हणजे त्या कुत्र्याने आजवर काही केलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण धोका हा नेहमी भविष्यकाळात असतो! ज्या कुत्र्याने पहिल्यांदा कोणाला चावा घेतला, तो त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ‘काही करत नाही’ यांतच जमा होता. पुन्हा, त्याने काही केले नाही ते कोणाला? घरातल्या माणसांना. परक्या म्हातारीला, सायकलवरच्या पोराला, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला तो काय करतो, याची परीक्षा अजून व्हायची आहे. आणि ती परीक्षा मालक आपल्या जीवावर घेत नाही, आमच्या जीवावर घेतो.

आता हे मालक कोण, ते सांगतो. आमचे कोलाड मुंबई-गोवा महामार्गावर आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, आणि त्या पाण्यावर सकाळी रबरी तराफे सोडून हौशी मंडळी जलक्रीडा करतात. त्यामुळे शनिवार-रविवारी नाक्यावर गाड्यांची रीघ लागते. नदीकाठी फार्महाउसे उठली, रिसॉर्टे उठली. गावातल्या चार घरांना त्यांनी काम दिले, हे मी नाकारीत नाही. पाहुण्याचा राग कोकणी माणसाला येत नाही. तो आला तर फणस कापतो. पण या पाहुण्यांबरोबर त्यांचे विलायती कुत्रेही येतात, आणि मुंबईत पाळलेली शिस्त ते आंबेवाडी नाका ओलांडताना गाडीतच ठेवून उतरतात.

हे मी उगाच म्हणत नाही. यांतल्या एकाला मी विचारले होते, ‘मुंबईतही असाच मोकळा सोडता का हो?’ तो म्हणाला, ‘छे! तिथे सोसायटीचे नियम असतात. इथे काय, मोकळी जागा आहे.’

मोकळी जागा! माझे सारे भांडण या दोन शब्दांशी आहे. ज्याला हा गृहस्थ मोकळी जागा म्हणतो, तो डोलवहाळच्या बंधाऱ्याकडून येणाऱ्या कालव्याचा बांध आहे. त्यावरून आमची पोरे शाळेत येतात. कातकरी वाडीवरच्या बाया पहाटे त्याच वाटेने कामाला जातात. खालच्या शेतात कोणाची भाजी आहे, कोणाच्या शेळ्या आहेत, कोणाची कोंबडी अंड्यांवर बसली आहे. ती जागा मोकळी दिसते, कारण तेथे फाटक नाही, रखवालदार नाही आणि दंडाची पाटी नाही. माणसे आहेत, पण पाटी नसलेल्या ठिकाणची माणसे या लोकांना दिसतच नाहीत. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्याचे पाय जपायचे आणि बांधावरच्या म्हातारीला ‘घाबरू नका’ म्हणून ओरडायचे, या वागण्याला आमच्या गावात चांगला शब्द नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी आणि मोत्या बांधावरून येत होतो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उतार. समोरून एक भला थोरला कुत्रा सरळ रेषेत धावत आला, आणि मागून ते ठरलेले वाक्य आले. मी ओरडलो, ‘धरा त्याला, माझा म्हातारा आहे!’ उत्तर आले, ‘खेळायला येतोय तो!’ पुढच्या क्षणी मोत्याचा कान त्याच्या तोंडात होता. मी मधे पडलो, धोतराला पान्हे नसल्याने पँट फाटली, आणि मोत्याच्या कानाला चार टाके पडले. तो गृहस्थ सावकाश चालत आला, आपल्या कुत्र्याला कुरवाळले आणि मला म्हणाला, ‘तुमचाच आधी गुरगुरला.’

हो, गुरगुरला! का गुरगुरू नये? येथे कुत्र्याचे शास्त्र थोडे सांगितले पाहिजे, कारण हे मालक हजारो रुपयांचा कुत्रा घेतात, पण कुत्रा म्हणजे काय ते विचारीत नाहीत. दोन मोकळे कुत्रे भेटतात तेव्हा सभ्य कुत्रा कधी नाकासमोर धावत जात नाही. तो वळसा घेऊन, बाजूने, अंग सैल ठेवून जवळ येतो. सरळ अंगावर धावणे ही त्यांच्या भाषेत धमकी असते. बांधलेल्या कुत्र्याला वळसा घेता येत नाही आणि पळताही येत नाही. दोरी ताणली की त्याची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्याला वाटते हा लढायला उभा आहे. म्हणजे दोरीत असलेला कुत्रा बिचारा दोन्हीकडून अडकतो. ज्याने नियम पाळला त्याच्याच कुत्र्याने मार खावा आणि वर आरोपही त्याच्यावर यावा, हा न्याय मला तरी समजत नाही.

मोत्याचा कान बरा झाला. बरी झाली नाही ती दुसरी गोष्ट. त्या वाटेने येणाऱ्या माझ्या वर्गातल्या दोन मुली आता बांधावरून येत नाहीत. त्या महामार्गाच्या कडेने येतात, जेथून ट्रक आणि एसट्या जातात. कुत्र्याने त्यांना काहीही केलेले नाही, मालकाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे! त्याने फक्त त्यांची वाट घेतली.

आणि कुत्रा चावलाच तर काय होते, तेही या सणासुदीच्या अंकात सांगून टाकतो. रसभंगाचा दोष मी पत्करतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळीवरची लस दिली आणि तो वाचला. तेव्हापासून उपाय आहे. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की आजही माणूस जवळजवळ कधीच हाती लागत नाही. म्हणून जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद-मिरची-चुना काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचण्याची लस पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. मालक म्हणतो, ‘आमच्याला सगळी इंजेक्शने दिली आहेत.’ दिली असतील. पण दात लागलेल्या मजूर बाईने ते कशावरून मानावे? तिला चार खेपा चुकत नाहीत, आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. लस फुकट असते. तो दिवस फुकट नसतो.

कायदा याविषयी गप्प आहे असे कोणी समजू नये. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत २८९ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते २९१ वे झाले. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जीवाला किंवा जबर दुखापतीचा संभव असताना जो जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हा दंड एक हजार होता. ‘संभव’ हा शब्द ध्यानात घ्या. चावल्यावर नव्हे, त्याच्या आधी खबरदारी घ्यायची आहे. मात्र या कलमात माणसाचा जीव आहे, मोत्याचा नाही. त्याच्या कानासाठी कायद्याकडे जाण्यापेक्षा शेजारधर्माकडे गेलेले बरे, म्हणून तर हा लेख.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला : ‘तुमच्या गावची कुत्री तरी कुठे बांधलेली असतात?’ आक्षेप खरा आहे, आणि मी गावकऱ्यांची वकिली करणार नाही. दिवसा राखणीला बांधून रात्री वाटेवर सोडणारे आमच्यातही आहेत, आणि ठेकेदारीच्या पैशांवर बैलाएवढा कुत्रा पाळून त्याच्याकडून आपली ऐट मिरवणारेही आहेत. त्यांनाही हाच लेख लागू. पण दुसऱ्याचे अंगण घाण आहे म्हणून आपण तेथे घाण करावी, हे कोणत्या शाळेत शिकवतात? आणि गावचे कुत्रे कोणत्या वळणावर बसते, कोणावर भुंकते, हे गावाला ठाऊक असते. दोन दिवसांच्या पाहुण्याचे आम्हांला काहीच ठाऊक नसते, आणि त्या कुत्र्यालाही आमचे नसते.

दुसरा आक्षेप भूतदयेचा : ‘मुक्या जनावराला जखडता?’ भूतदयेचे नाव ऐकले की आपण मराठी माणसे विरघळतो, आणि ते योग्यच आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीकडील भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो सौम्य केला, आणि साऱ्या देशात वाद पेटला. पण या दोन्ही वेळी वाद झाला तो बेवारशी कुत्र्यांचा. ज्याला वारस आहे, ज्याच्या जेवणाची वेळ ठरलेली आहे आणि ज्याचा वाढदिवस होतो, त्याच्या मालकाला कोणी काही विचारले नाही!

भूतदयेची गोष्ट निघाली तर नामदेवांची आख्यायिका आठवावी. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आमचे फार्महाउसवाले कुत्र्याच्या मागे धावत नाहीत, चालतही नाहीत. लांबून नुसते आश्वासन पाठवतात. ज्याचे कुत्र्यावर खरे प्रेम आहे तो त्याला महामार्गावरच्या ट्रकपासून, कालव्याच्या पाण्यापासून आणि शेतकऱ्याच्या दगडापासून जपतो. आणि त्यासाठी हातभर दोरी पुरते. कुत्र्याला मनसोक्त पळायचे असेल तर फार्महाउसला कुंपण आहे. त्याच्या आत तो राजा!

जर्मनीत लोअर सॅक्सनी नावाचा प्रांत आहे. तेथे १ जुलै २०१३ पासून नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. एक कुत्रा आणण्यापूर्वी लेखी, आणि दुसरी पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कुत्रा घेऊन. परीक्षा मालकाची, कुत्र्याची नव्हे! मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण ही परीक्षा आपल्याकडे आली तर पर्यवेक्षक म्हणून फुकट उभा राहीन. तोपर्यंत एकच प्रश्न पुरे आहे : समोरून माणूस किंवा दुसरे कुत्रे येताना दिसले, तर तुम्ही काय कराल? उत्तर : थांबेन, माझ्या कुत्र्याला जवळ घेईन, दोरी आखूड करीन, आणि वाट देईन. चार क्रिया आहेत. त्यांत ‘ओरडेन’ ही कुठे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोलाडला पुन्हा गाड्या येतील. फटाक्यांच्या आवाजाने भले भले कुत्रे बिथरतात आणि वाट फुटेल तिकडे सुटतात. त्या दिवसांत तर ‘तो काही करत नाही’ याची हमी ब्रह्मदेवही देऊ शकणार नाही. नेपाळात याच दिवसांत कुकुर तिहार म्हणून सण असतो. त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. सुंदर चाल आहे. आपल्याकडेही ज्यांना हौस असेल त्यांनी जरूर करावी. मात्र हार घालताना खाली पट्टा आहे ना, आणि पट्ट्याची दोरी आपल्या हातात आहे ना, एवढे पाहावे. कोलाडला अवश्य यावे. नदी पाहावी, पोहे खावेत, बांधावरून फिरावे. वाटेत मी आणि मोत्या भेटलो तर तुमचा कुत्रा जवळ घ्यावा, म्हणजे मीही थांबून त्याचे नाव विचारीन.