पाणी झऱ्याचे की बंबाचे?

मार्गशीर्षाच्या सुमारास थंडी जरा स्थिरावली की पनवेलच्या घराघरांतून सहलीच्या वाटाघाटी सुरू होतात; आणि अलीकडे त्यांत समुद्रकिनारा व थंड हवेचे ठिकाण हे जुने प्रतिस्पर्धी मागे पडून, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती उभारलेल्या एखाद्या विस्तीर्ण रिसॉर्टचे नाव वरचेवर ऐकू येऊ लागले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून तर जपानचे बेप्पू काय किंवा बुडापेस्टचे १९१३ साली खुले झालेले सेचेनी स्नानगृह काय, ही नावे आपल्या तालुक्याच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली आहेत. आजीच्या गुडघ्यांना शेक मिळावा, मुलांनी मनसोक्त डुंबावे आणि वर्षभर लोकलला लोंबकळणाऱ्या कर्त्या माणसांनी चार घटका स्वस्थ बसावे, असा हा सर्वांच्या सोयीचा बेत असून त्याला नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. तक्रार एवढीच की, या बेताच्या बैठकीत खोल्या किती, न्याहारी भाड्यात धरलेली आहे की निराळी, तलावाला घसरगुंडी आहे की नाही, याची कसून चौकशी होते. परंतु ज्या पाण्यासाठी हा सारा खटाटोप, ते भूमीच्या पोटातून आलेले आहे की मागल्या आवारातील बंबात तापवलेले, हा प्रश्न कोणाच्याच तोंडून निघत नाही.

वास्तविक कोकणचा मुलूख या बाबतीत दरिद्री नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि सागर यांमधील चिंचोळ्या पट्टीत, उष्णोदकाच्या झऱ्यांची एक मालिकाच पसरलेली आहे: तानसा नदीकाठचे अकलोली व गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वराकडील तुरळ व राजवाडी, आणि अगदी खाली राजापूरचे उन्हाळे. येथे कोणताही ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढत जाणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि जेथे वाट सापडेल तेथे पुन्हा वर येते. उन्हवऱ्याला तर ते ७० अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालण्याचीही सोय नाही इतके कढत असते. हा सारा प्रवास अत्यंत सावकाश चालणारा असल्यामुळे झऱ्याच्या मुखातून येणारे पाणी मोजकेच असते, आणि शेजारी कोणी खोल विंधन विहीर घेऊन पंप लावला तर, व्याजावर सुखाने चालणाऱ्या घराने मुद्दलाला हात घालावा, तसा प्रकार होतो. शंभर खोल्यांच्या रिसॉर्टला लागणारे पाणी आणि एका कुंडात पाझरणारे पाणी यांचा जमाखर्च जुळणे शक्य नाही. तो जुळल्याचे जेव्हा सांगितले जाते तेव्हा बहुधा बंब किंवा पंप यांपैकी एकाचा त्यात हात असतो.

ज्या जपानचे आपण कौतुक करतो त्या देशाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९४८ साली तेथे उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि असा झरा मिळवण्याकरिता जमिनीला भोक पाडावयाचे तर प्रांताच्या राज्यपालाची परवानगी सक्तीची ठरली. पुढे २००४ मध्ये नागानो प्रांतातील शिराहोने या प्रसिद्ध स्थळी, पाणी पूर्वीसारखे दुधाळ दिसावे म्हणून स्नानगृहांत चक्क भुकटी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा एवढा गहजब झाला की दुसऱ्याच वर्षी नियम बदलून, पाण्यात साधे पाणी घातले आहे काय, ते तापवले आहे काय, तेच पाणी फिरवून पुन्हा वापरले जाते काय, हे पाटीवर लिहून दर्शनी भागात लावण्याची सक्ती करण्यात आली. आपल्याकडे अशी पाटी मी तरी कोठे पाहिलेली नाही.

परंतु झरे राखण्याचा धडा घेण्यासाठी जपानपर्यंत जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली होती. पिण्याच्या पाण्याला जे संरक्षण द्यावेसे वाटले, तेच उष्णोदकाच्या झऱ्यांना देण्याची तजवीज सरकारने का करू नये? चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर देवीचे मंदिर उभे राहिले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या मंदिराच्या आसपासचे अकलोली-गणेशपुरीचे झरे मात्र दैवाच्या भरवशावर सोडून मोकळे होतो.

पनवेलकराला सर्वांत जवळचे म्हणावे तर उन्हेरे. खोपोलीवरून पालीचा रस्ता धरावा किंवा पेण, नागोठणे करीत वाकणहून आत वळावे. वाटेत बल्लाळेश्वराचे दर्शन होते आणि डोक्यावर सरसगडाचा कातळ उभा असतो. माघी गणेश जयंती, संकष्टी आणि शनिवार-रविवार टाळावेत. आडवार गाठून सकाळी लवकर पोहोचावे. गंधकाचा अंश असलेल्या पाण्यात चांदी काळवंडते, म्हणून जोडवी-पैंजण घरीच उतरवून ठेवलेले बरे. ज्या पनवेलात १८७२ पासून धूतपापेश्वराचा औषधी कारखाना नांदत आला, तेथील माणसाला पथ्य शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही; तरी रक्तदाब वा हृदयविकार असलेल्याने वैद्याला विचारल्यावाचून अशा पाण्यात उतरू नये, एवढे सांगणे भाग आहे.

कोकणातल्याच एका कुंडावर एक नऊवारीतल्या आजीबाई उतरताना पाहिल्या होत्या. प्रथम पायरीवर बसून त्यांनी घोट्यापर्यंत पाय सोडले, मग पिंढऱ्या, मग एक पायरी खाली सरकून गुडघे. प्रत्येक टप्प्याला डोळे मिटून त्या थोडा वेळ थांबत होत्या. त्यांच्यापासून दोन हातांवर, पाणी बाहेर जाण्याच्या मोरीच्या तोंडाशी, शाम्पूच्या रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा अडकून बसला होता आणि त्यामुळे वापरलेले पाणी पुन्हा कुंडातच फिरत होते. या स्थळांना हवी आहे ती आलिशान इमारत नव्हे; कपडे बदलण्याची आडोशाची खोली, आधी साध्या पाण्याने अंग धुण्यासाठी चार नळ, साबणाला सक्त मनाई, वाहती मोरी आणि ती वाहती ठेवणारा एक पगारी माणूस, एवढ्याने काम भागते. ग्रामपंचायतीने त्यासाठी माणशी थोडे शुल्क घेतले तर ते द्यावयास कोणाची ना नसावी.

आणि ज्यांना मोठ्या रिसॉर्टलाच जावयाचे आहे त्यांनीही खुशाल जावे. फक्त खोली राखून ठेवण्यापूर्वी व्यवस्थापकाला लेखी विचारावे: पाणी झऱ्याचे आहे की बंबाचे, आणि झऱ्याचे असल्यास कोणत्या? उत्तर 'बंबाचे' असे आले, तर भाडे त्या मानाने कमी करून मागण्याचा आपला हक्क बजावण्यास संकोच करू नये.