बर्फ कमी, धोका जास्त

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळलेले गवत दिसत होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ असते, म्हणजे वर्षातली सर्वांत कडक थंडी. ती जवळजवळ कोरडी गेली आणि बर्फ महिन्याच्या अखेरीस पडला. पुढच्या वर्षी २२ ते २५ फेब्रुवारीदरम्यान तिथे ठरलेला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा टप्पा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चला झाला. हिवाळ्यात काश्मीरला बर्फ पोहोचतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांमुळे. ते क्षीण असले किंवा उशिरा आले की उतार उघडे पडतात, आणि हवा थोडी जरी उबदार असली तरी खालच्या भागात बर्फाऐवजी पाऊस पडतो.

स्पर्धा पुढे ढकलता येते. शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडून निघालेल्या गटाला ते जमत नाही. मुंबई-पुण्याहून स्कीइंगसाठी जाणारे असे गट आता नवलाचे राहिलेले नाहीत. विमानाची तिकिटे काढलेली, हॉटेलचे पैसे भरलेले, रजा मंजूर झालेली. बर्फ कमी आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी कळते आणि ‘आता ठरलंय तर जाऊच’ असे म्हणून सगळे निघतात. बर्फ कमी म्हणजे फार तर मजा कमी, असा यामागचा समज असतो. वैद्यकीयदृष्ट्या तो बरोबर नाही.

पहिला प्रश्न गुडघ्याचा. पातळ बर्फ दिवसा उन्हाने वितळतो आणि रात्री गोठतो. सकाळी त्याची काच होते. तीवर वेग आवरत नाही आणि पडल्यावर आपटायलाही कठीण पृष्ठभागच मिळतो. दुपारी त्याचा ओला लगदा होतो आणि त्यात स्की रुतते. पाय तिथेच अडकतो, शरीर मात्र पुढे जाते आणि वळते. गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटतो तो अशा पिळवटण्यात. त्यासाठी फार वेग लागतोच असे नाही. नवशिके हळू पडतात, त्यामुळे बुटाला स्की धरून ठेवणारी पकड सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. ही पकड किती जोर आला की सुटावी, हे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरवायचे असते. भाड्याच्या स्कीवर ती आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापाने लावलेली असू शकते. भाडे देताना हे विचारायला दोन मिनिटे लागतात, पण विचारणारे थोडे.

पडताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, दोन-तीन तासांत सूज आली आणि उभे राहताना गुडघा दगा देऊ लागला, तर एसीएल फाटल्याची शक्यता मोठी असते. इतक्या लवकर येणारी सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याची असते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, अस्थिबंध एक्स-रेत दिसतच नाही. आपल्याकडे अशा वेळी तेल लावून चोळून घेतात, वर पट्टा बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतारावर जातात. हे दोन्ही टाळावे. बर्फाचा शेक, पाय उंच, कुबडीचा आधार आणि अस्थिरोगतज्ज्ञाची तपासणी इतके पुरे. श्रीनगर तिथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथे हाडांचे स्वतंत्र सरकारी रुग्णालय आहे.

दुसरा प्रश्न उंचीचा. बर्फ कमी असला की लोक तो शोधत वर जातात. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३१०० मीटरवर नेतो, दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, चार हजारांच्या जरा खाली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश असतो. सकाळी मुंबई सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथे स्की बांधून उभा असतो. काही तासांच्या मुक्कामात बहुतेकांना दम लागण्यापलीकडे काही होत नाही, पण दमलेले स्नायू आणि मंदावलेला तोल घेऊन अवघड उतार उतरायचा असतो. हृदयविकार किंवा दम्याच्या रुग्णांनी या सहलीआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेची लक्षणे २५०० मीटरच्या वर कुठेही दिसू शकतात, म्हणजे गुलमर्गच्या हॉटेलातही. त्या रात्री मद्य आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य. (ऑक्सिजनच्या छोट्या डब्याही हल्ली लोक जवळ बाळगतात. त्यातला वायू काही मिनिटांत संपतो. दिलासा मिळतो, उपचार होत नाही.)

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी ठाऊक असलेला. बर्फाचा थर पातळ आणि रात्री निरभ्र व कडाक्याच्या थंड असल्या, तर त्या थराच्या तळाशी जमिनीची ऊब आणि वरच्या पृष्ठभागाची थंडी यांत मोठी तफावत पडते. तळातील कण हळूहळू जाड, टोकदार आणि एकमेकांना न चिकटणारे होतात. हातात घेतले तर साखरेसारखे घरंगळतात. नंतर जोराचा हिमवर्षाव होतो, तेव्हा नवा जड थर या साखरेवर बसतो. वरून सगळे पांढरेशुभ्र आणि पक्के दिसते. पण एका माणसाच्या वजनाने तो थर निसटू शकतो. म्हणून कोरड्या काळानंतरचा पहिला मोठा बर्फ, ज्याची सगळा गट देवासारखी वाट पाहत असतो, तोच जास्त धोक्याचा असतो.

२२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. खाली खेलो इंडियाच्या स्पर्धा चालू होत्या. एका दुर्घटनेचे कारण असे लांबून ठरवता येत नाही, पण कोरडा जानेवारी आणि त्यानंतरचा जोरदार बर्फ हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटच्याच परिसरात दोन पोलिश नागरिक हिमस्खलनात गेले. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडेच. एवढ्या वेळात खालून कोणी पोहोचत नाही. काढायचे ते सोबतच्यांनीच, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे संकेत देणारे यंत्र, शोधकाठी व फावडे हवे आणि वापरण्याचा सरावही हवा. हे नसेल तर आखलेल्या, गस्तीच्या उतारांबाहेर जाऊ नये. सोबतचा मार्गदर्शक ‘काही होत नाही’ म्हणाला तरीही.

इयान मॅकमन यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात तपासले. धोक्याच्या खुणा समोर असतानाही माणसे पुढे का गेली, हे त्यांना पाहायचे होते. ओळखीची जागा, ठरलेला बेत न मोडण्याचा हट्ट, इतर जात आहेत म्हणून आपणही जाणे, ताजा बर्फ दुसऱ्यांच्या आधी मिळवण्याची घाई, अशी कारणे पुढे आली. सहलीला गेलेल्या गटात ही सगळी एकत्र नांदतात. शिवाय, भीती वाटणारा माणूस गटात सहसा गप्प बसतो. म्हणून निघण्यापूर्वी, घरीच, इतके ठरवावे: कोणीही एकाने ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता सगळे मागे फिरतील. आणि विम्याची कागदपत्रे त्याच बैठकीत वाचावीत. अनेक प्रवास विम्यांत स्कीइंगसारखे साहसी खेळ वगळलेले असतात, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो.